काळी दोन

“वन्सं, आवाज परत आला हो तुमचा!”

मी शाळेतून येऊन दारात चपला काढत होते, आणि माझी वहिनी कॅसेटचं रिकामं कव्हर हातात धरून समोर उभी. डोळ्यांत पाणी. आत टेपरेकॉर्डरवर पुरिया राग चालू होता. बाई गात होती, आणि सुरेख गात होती, खोटं कशाला बोलू? गळा पातळ, तरुण, जरा वर सरकलेला. दहा वर्षांपूर्वी मी तशीच गायची.

“कोण गातंय?” मी विचारलं.

“कोण म्हणजे? तुम्हीच की! आवटी अण्णांनी सांगलीहून माणसाबरोबर पाठवली. रविवारी प्रकाशन आहे ना, त्याआधी तुम्ही ऐकावी म्हणून.”

मी पिशवी तशीच खांद्याला ठेवून ऐकत राहिले. राग माझा, बंदिश माझी, श्वास घ्यायच्या जागासुद्धा माझ्याच. तेवढ्यात कॅसेटमध्ये कुणीतरी ‘वा, बाई!’ म्हणालं, आणि मी चमकले. आवाज सहावी-सातवीतल्या पोराचा! त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी तंबोरा घेऊन, तबल्यावर दस्तगीरभाई मुजावर, आणि मशीनपाशी अण्णा. दाद दिली होती दस्तगीरभाईंनी. साठी उलटलेला माणूस, बिड्या ओढून ओढून घसा खरखरीत झालेला. त्यांना अचानक मिसरूड फुटायच्या आधीचा आवाज कुठून आला?

मी बटण दाबून टेप बंद केला.

“अहो, का बंद केलंत? किती छान चाललं होतं!” वहिनी म्हणाली.

“ती मी नाही,” मी म्हटलं, कॅसेट काढून पिशवीत टाकली आणि काढलेल्या चपला परत घातल्या.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. तरुणपणी मी पेटीच्या काळी चार पट्टीत गायची. गाव-परगाव बोलावणी असायची. मग गळ्यावर गाठ आली, ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांनी आधीच सांगितलं होतं. काळी चारवरून मी थेट काळी दोनवर आले. शाळेतला फोन उचलला की पलीकडचे लोक मला ‘साहेब’ म्हणायचे! गाण्याची बोलावणी बंद झाली. संगीत मंडळवाले भेटले की, “बाई, आता विद्यादान करा,” म्हणायचे. म्हणजे तोंड बंद ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. वर्षभर मी घरात गुणगुणलेसुद्धा नाही. लाज वाटायची. स्वतःच्याच गळ्याची लाज वाटणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

अशा वेळी भूपाल आवटी आमच्या घरी आले. अण्णा म्हणायचे सगळे त्यांना. सांगलीत त्यांचं पाण्याच्या मोटारी आणि पंपांचं दुकान होतं. मोटारी विकायचे, बिघडल्या तर दुरुस्तही करायचे. आणि दुकानाच्या माडीवर त्यांनी कॅसेट कंपनी काढली होती, तिचं नाव ‘खर्ज’. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, अशांच्या कॅसेट काढायच्या हा त्यांचा नाद. कुणी म्हातारा सारंगिया, कुणी देवळात सनई वाजवणारा, कुणी जन्मभर दुसऱ्यांच्या मागे बसलेला तबलजी. त्यांना माडीवर आणायचं, जेवू घालायचं, आणि दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी, खाली मोटारींची घरघर नसताना, रेकॉर्डिंग करायचं.

आमच्या घरी चहा घेता घेता अण्णा म्हणाले, “बाई, एक पुरिया द्या.”

“अण्णा, माझा आवाज गेलाय.”

“आत्ता बोलताय तो कुणाचा मग?”

“हा काय गायचा आवाज आहे?”

“माझ्या कंपनीचं नाव काय आहे? खर्ज. खालचा सूर. मला आहे तोच आवाज पाहिजे. आहे तसा द्या.”

आहे तसा द्या! या शब्दांवर मी परत तंबोरा खाली घेतला, तारा बदलल्या, काळी दोनला जुळवला आणि सहा महिने नेटानं रियाज केला. पुरिया हा खालच्या सप्तकात रमणारा राग. पूर्वी मी तिथं नुसती पाय लावून यायची, आता तिथं मुक्काम करता येत होता. माडीवर गायले त्या दिवशी मला कितीतरी वर्षांनी आनंद झाला होता. आणि त्याच माणसानं मला ही दुसरीच बाई पाठवून दिली होती.

मिरजेहून सांगलीला बसनं जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

दुकानात अण्णा एका मोटारीचं झाकण उघडून बसले होते. समोर बाकावर दस्तगीरभाई होते. त्यांच्या एकट्याच्या तबल्याची कॅसेट माझ्यानंतर निघायची होती, तिचं कव्हर छापून आलं होतं ते बघायला आले होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांना साथ केलेला माणूस, पहिल्यांदाच कव्हरवर एकटा. कव्हर हातात धरून एवढे खूश दिसत होते की माझा पारा क्षणभर उतरला. पण क्षणभरच.

“अण्णा, हे काय आहे?” मी कॅसेट त्यांच्यापुढं आपटली.

“आवडली?”

“तुमचं मशीन बिघडलंय.”

अण्णांनी मान वर केली नाही. “मशीन उत्तम आहे,” ते म्हणाले.

“मग मी एवढ्या वर, पांढरी चारमध्ये कधी गायले? तुमच्या माडीवर मी काळी दोन लावली होती.”

अण्णांनी स्क्रू फिरवायचं थांबवलं. हात पुसले. माणूस खोटं बोलणारा नव्हताच, त्यामुळे फार वेळ टिकला नाही. म्हणाले, “टेप ज्या दांड्यावर फिरते ना, त्या दांड्यावर पितळेची एक बारीक नळी बसवली. दांडा जाड झाला की टेप जोरात पळते, आवाज आपोआप वर जातो. जरासंच उचललंय हो बाई. कुणाला कळत नाही.”

“मला कळलं.”

“तुम्ही सोडून.”

“गाणं माझं, आणि मला सोडून?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्याचे कुणी मोडक होते. गावोगावच्या दुकानांना कॅसेट पुरवणारे, आणि संगीत मंडळांतही त्यांच्या शब्दाला वजन. अण्णांनी त्यांना माझा नमुना ऐकवला, तर ते म्हणाले, ही बाई आहे का बुवा? हा आवाज कुणी घरात लावणार नाही. पूर्वीसारखा करता आला तर बघा. मग तुमच्या सगळ्याच कॅसेट मी दुकानात ठेवतो, एकूण एक कलाकाराच्या. नाहीतर एकही नाही.

“मी तुमच्यासाठीच केलं बाई,” अण्णा कळवळून म्हणाले. “लोकांना तुमचा जुना आवाज आठवतो. ही ऐकली की मंडळं तुम्हाला परत बोलावतील.”

“आणि बोलावलं की? मी काय करू तिथं जाऊन? पितळेची नळी गळ्यात घालून बसू?”

तेवढा पुढचा विचार अण्णांनी केलाच नव्हता! मोटारवाला माणूस. पंप पाणी कमी फेकतोय, तर फेरे वाढवायचे, एवढीच त्यांची विद्या. त्यांनी मनापासून माझी दुरुस्ती केली होती. मला हसावं की रडावं कळेना.

“ऐकू द्या तरी मला,” दस्तगीरभाई म्हणाले. दुकानातल्या टेपवर अण्णांनी कॅसेट लावली. दस्तगीरभाई डोळे मिटून ऐकायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला.

“हा डग्गा कुणाचा?”

“तुमचाच,” अण्णा म्हणाले.

“माझा? हे डबडं?” डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, घुमणारा. दस्तगीरभाईंच्या डग्ग्याचा घुमारा पंचक्रोशीत नावाजलेला. “अण्णा, चाळीस वर्षं हात मोडून मी हा घुमवला. तुम्ही त्याचं तेलाचं डबडं केलंत?”

त्याच वेळी कॅसेटमधून ‘वा, बाई!’ आलं.

“आणि हे पोरगं कुठलं बसवलंत मध्ये?”

“ते तुम्हीच,” मी म्हटलं. दस्तगीरभाईंचं तोंड असं झालं की एरवी मी पोट धरून हसले असते.

अण्णा त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. “भाई, समजून घ्या. बाईंची कॅसेट अशी गेली नाही तर मोडक काहीच घेणार नाहीत. मग तुमचीही जाणार नाही. माडीवर पेटीत पडून राहील. गेल्या दोन वर्षांत काढलेल्या सगळ्यांच्याच पडून आहेत. मी एकटा कुठं कुठं विकत फिरू?”

माझ्या आवाजासाठी मी मोडकांशी भांडले असते, अण्णांशी भांडलेच होते. पण दस्तगीरभाईंच्या हातातल्या त्या कव्हराशी कशी भांडणार? त्या माणसाच्या आयुष्यात पुन्हा असं कव्हर छापलं जाणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दस्तगीरभाईंनी कव्हरवरच्या स्वतःच्या फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “अण्णा, माझ्या कॅसेटीला पण नळी लावणार?”

“छे हो! तबल्याला कशाला?”

“उद्या मोडकसाहेब म्हणाले, म्हाताऱ्याची बोटं मंद झाली, जरा पळवा. तर?”

अण्णा बोटांचं ग्रीस परत पुसायला लागले.

“पळवणार तुम्ही,” दस्तगीरभाई शांतपणे म्हणाले. “माझ्या भल्यासाठीच पळवणार.” त्यांनी कव्हर अलगद अण्णांच्या मांडीवर ठेवलं. “राहू द्या पेटीत. पेटीत निदान मी माझाच राहीन.”

ते उठून गेले. त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मी तशी बाई नाही, आणि ते धरूही देणार नाहीत.

“अण्णा,” मी म्हटलं, “तुम्ही आहे तसा द्या म्हणालात म्हणून मी तोंड उघडलं. नाहीतर मी मुकाट बसले होते. आता तुम्हीच त्याच्यावर पांघरूण घालताय. मोडकांनी बुवा म्हटलं त्याचं मला काही नाही. तुम्हाला लाज वाटली माझी, हे लागलं.”

“कॅसेटी तयार झाल्या बाई. निमंत्रणं गेली. रविवारी मोडक येणार,” अण्णा खाली बघत म्हणाले.

“येऊ देत. मीही येणार आहे. तिथं तुम्ही ही वाजवलीत तर मी उभी राहून सांगेन की ही बाई मी नव्हे.”

रविवारी संध्याकाळी हॉल बऱ्यापैकी भरला होता. शाळेतल्या बाया, गावातली गाणंवेडी मंडळी, पहिल्या रांगेत मी आणि वहिनी. दस्तगीरभाई येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते मागच्या भिंतीला टेकून बसलेले दिसले. स्टेजवर भरजरी कापडाखाली कॅसेटींचा ढीग. अण्णा दोन दिवसांत वाळल्यासारखे दिसत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी मनाशी ठरवूनच आले होते. काय बोलायचं ते चार वेळा घोकलं होतं.

मोडक बोलायला उभे राहिले. गोरेपान, झब्ब्यावर जाकीट, मुखात साखर. म्हणाले, “आपण समजत होतो, रेळेकरबाईंचा आवाज हरपला. पण ‘खर्ज’नं तो पुन्हा शोधून काढला. आता तो हरवलेला आवाज आपण ऐकू या.”

टाळ्या पडल्या. अण्णांनी टेबलावरची चादर काढली. खाली टेपरेकॉर्डर असेल असं मला वाटलं होतं, तर तिथं माडीवरचं ते मोठं, टेपच्या चकत्यांचं मशीन, ज्यावर माझं मूळ गाणं भरलं होतं. ते इथं कशाला आणलं, हे माझ्या डोक्यात शिरायच्या आत त्यांनी बटण दाबलं.

तंबोरा वाजला. खाली, जड, भरलेला. आणि मग मी. काळी दोन.

सबंध हॉलमध्ये मी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. मागे कुणीतरी फिसकन हसलं. “बुवा कोण हो?” असंही ऐकू आलं. मान खाली घालावी असं मला वाटलं, हे कबूल करते. पण घातली नाही.

मोडक लगबगीनं मशीनपाशी गेले. “अण्णा, हे हळू चाललंय. वेग बघा, वेग.” आणि माईकवर हसून म्हणाले, “क्षमा करा मंडळी, यंत्राचा काहीतरी बिघाड आहे.” त्यांनी मशीनच्या बटणाकडे हात नेला.

अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. ग्रीस लागलेल्या बोटांनी पांढरंशुभ्र मनगट.

“यंत्र बरोबर आहे मोडकसाहेब,” अण्णा म्हणाले. माईक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं. “बिघाड कॅसेटीत होता. तो मी केला होता.”

“काहीतरी काय बोलता? हा बाईचा आवाज आहे? मंडळी, तुम्हीच सांगा, हा बाईचा आवाज वाटतो?”

मी उठले. घोकलेलं सगळं विसरले होते. बोलायला गेले असते तर रडलेच असते. पण टेप चालू होती, आणि ख्यालात एक गोष्ट पक्की असते. मधलं आवर्तन कसं भरलं होतं ते त्या घडीला मला आठवेना, पण शेवटी मुखडा येणार, बंदिशीची ती पहिली ओळ फिरून येणार, आणि समेवर पडणार. मी थांबले. श्वास भरला. टेपमधल्या बाईनं मुखडा उचलला, आणि तिच्याबरोबर मी उचलला.

तंबोरा नाही, माईक नाही, उभ्या उभ्या. आम्ही दोघी एकदम समेवर आलो.

मागच्या भिंतीकडून, मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. दस्तगीरभाईंनी सम धरली होती. मी बसले नाही. टेपमधली बाई पुढे आलाप करू लागली तशी मी गप्प राहिले. सगळा हॉल मुखड्याची वाट बघत होता, हसणारासुद्धा. परत मुखडा आला. परत दोन्ही गळे एकमेकांत मिसळले, सुताचाही फरक नाही. या वेळी टेपमधल्या बाईपेक्षा मी जोरात गायले. तिसऱ्या खेपेला मी मोडकांच्या डोळ्यांत बघून गायले. ते खुर्चीवरची शाल उचलून चहाही न घेता निघून गेले.

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, असं काही झालं नाही बरं का. काही उठून गेले. एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, बाईमाणसाला हे शोभत नाही. पण जे बसले ते टेपची चकती रिकामी फिरायला लागेपर्यंत हलले नाहीत.

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाली, “मग परवा मी रडले ती कुणासाठी?”

“अण्णांच्या पितळेच्या नळीसाठी,” मी म्हटलं.

मोडकांनी एकही कॅसेट घेतली नाही, माझी नाही आणि कुणाचीच नाही. दुकानांनीही दार लावलं. अण्णांनी सगळ्या कॅसेटी पंपांच्या दुकानातच मांडल्या. पाच एचपीच्या मोटारीबरोबर पुरिया! गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? अण्णा म्हणायचे, घेऊन जा, मोटार चालू असताना लावू नका. दस्तगीरभाईंची कॅसेटही अशीच निघाली आणि अशीच गेली. माझ्यासाठी मंडळांची दारं उघडली नाहीत. मात्र कुठल्या कुठल्या खेड्यातून चिठ्ठ्या यायला लागल्या, बाई आमच्याकडे गायला याल का? मी गेले. शेडमध्ये गायले, देवळात गायले, लग्नाच्या मांडवात गायले. पट्टी बदलली नाही.

पण हे नंतरचं. प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी दुकान बंद होतं, आणि अण्णांनी मला माडीवर बोलावलं. त्या साऱ्या कॅसेटी पुसून त्यांवर मूळ गाणं भरायचं होतं.

“त्याआधी एक काम आहे,” ते म्हणाले आणि माईक माझ्यापुढं ओढला. “गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही बोलायचं. नाव, गाव, पट्टी. आता खर्जच्या प्रत्येक कॅसेटीत कलाकार आधी बोलणार, मग गाणार.”

“ते कशाला?”

“गाणं पळवलं तर लोकांना कळत नाही. बोलणं पळवलं तर शेंबडं पोरगंही हसेल. म्हणजे पुन्हा कुणाची हिंमत व्हायची नाही.” त्यांनी माईकची वायर सरळ केली. “माझीसुद्धा.”

त्यांनी मशीन सुरू केलं. मी माईकपाशी वाकले.

“मी वत्सला गणपत रेळेकर, मिरज. पट्टी काळी दोन.”

अण्णांनी मशीनवरचा आवाज मोजणारा काटा बघितला आणि मशीन थांबवलं. “परत घेऊ या का? जरा जोरात आलंय.”

“येऊ दे,” मी म्हटलं.